सव्वा महिन्याची माहेरवाशीण

आमच्याकडे पहिल्यांदा येणारे आईबाबा एक प्रश्न हमखास विचारतात. ‘ही कुत्री महिना-दोन महिन्यांनी दुसऱ्याकडे जातात ना? मग मुलांना त्रास नाही का होत?’

होतो. धाकटी रडते. थोरला बारा वर्षांचा झाल्यापासून रडत नाही, पण त्या रात्री नीट जेवत नाही. तुम्ही काळजीपोटी विचारता आणि मीही आईच आहे, म्हणून यातलं काही लपवत नाही. तरीही पुढच्या कुत्र्यासाठी फोन आला की आम्ही हो म्हणतो. का म्हणतो, ते आज जरा निवांत बसून सांगावंसं वाटतंय.

घरात आमची हक्काची कुत्री दोन. तांबू नऊ वर्षांची, देशी, आमच्या सोसायटीचं बांधकाम चालू असताना वाळूच्या ढिगाऱ्यात जन्मलेली. सोनी लॅब्रॅडॉर, बाराव्या वर्षात आहे, आता उठताना मागच्या पायांना हात लावून आधार द्यावा लागतो. आणि बाल्कनीच्या दाराशी एक तिसरी गादी आहे. ती कायम पाहुण्याची. गेल्या सहा वर्षांत त्या गादीवर १९ कुत्री झोपून गेली. कुणाचा पाय गाडीखाली आलेला, कुणाच्या अंगावर खरजेने केस उरले नव्हते, कुणी आई हरवलेलं पिल्लू.

याला ‘फॉस्टर’ म्हणतात. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, मुंबईत वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज यांच्यासारख्या संस्था रस्त्यावरच्या प्राण्यांसाठी काम करतात. लहान-मोठे गट आणि एकेकटी माणसं तर गावोगावी आहेत. पण ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला किंवा दीड महिन्याच्या पिल्लाला पिंजऱ्यांच्या गर्दीत बरं वाटत नाही. त्याला काही आठवडे घर लागतं. ते घर आपण द्यायचं. औषधपाण्याचा खर्च बहुतेक वेळा ज्यांनी उचलून आणलं तेच करतात. आपल्याकडून जागा, जेवण आणि वेळ. कायमचं घर मिळालं की कुत्रं तिकडे जातं. सासूबाईंनी हे पहिल्याच वेळी ओळखलं होतं. म्हणाल्या, ‘बाळंतपणाला आलेली लेक सव्वा महिना राहते, अंगावर मूठभर मांस चढलं की जाते आपल्या घरी. तसंच हे.’ तेव्हापासून आमच्या घरात फॉस्टर हा शब्द कुणी फारसा वापरत नाही. माहेरवाशीणच म्हणतात, कुत्रा असला तरी.

माहेरवाशिणींचा हंगामही ठरलेला. भाद्रपदात कुत्र्या माजावर येतात आणि कुत्रीचे दिवस सुमारे ६३. हिशेब करा, दिवाळीच्या आगेमागे बोळाबोळांत पिल्लं दिसू लागतात. डिसेंबर-जानेवारीत ती आईपासून लांब धावू लागतात आणि चाकांखाली येतात. तेव्हा आमचा फोन थांबत नाही. यावर खरा इलाज नसबंदीचाच आहे. २०२३च्या नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्यांना सहसा जिथून उचललं तिथेच परत सोडतात आणि ओळखीसाठी कानाला छोटी खाच देतात. धाकटीला ही खाच लांबूनही दिसते. ‘आई, याला इंजेक्शन मिळालंय,’ असं ती रस्त्यात मोठ्याने जाहीर करते. ते एकदा मिळालंय, लस दरवर्षी लागते, हे मी तिला अजून सांगतेच आहे.

आता सकाळ. साडेपाचला तांबू आणि सोनी खाली जातात. पाहुणा वेगळा, नंतर. पहिले दहा-चौदा दिवस तो आमच्या कुत्र्यांच्या जवळ येत नाही, त्याची वाटी वेगळी, त्याचं फडकं वेगळं, त्याला हाताळल्यावर हात धुवायचेच. पिल्लाच्या विष्ठेतून जंत मुलांच्या पोटात जाऊ शकतात, म्हणून जंताच्या औषधाच्या तारखा फ्रिजवर लिहिलेल्या असतात. पावसाळ्यात रोज रात्री कान आणि बोटांच्या बेचक्या तपासून गोचीड काढायचे. हे काम थोरल्याला आवडतं, का ते देव जाणे. सासूबाईंचा एकच कायदा आहे, स्वयंपाकघराचा उंबरा कुत्र्याने ओलांडायचा नाही. तो मी कधी मोडू दिला नाही आणि त्यामुळेच त्या सहा वर्षं माझ्या बाजूने उभ्या आहेत. एकत्र घरात हे सांभाळावं लागतं. ज्यांना कुत्री आवडत नाहीत त्यांना घरात एक जागा कुत्र्याविना मिळायला हवी.

त्या उंबऱ्याचा आणखी एक उपयोग झाला. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात आणि द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. चॉकलेट, कांदा, लसूण, बिनसाखरेचं च्युइंगम हेही विषच. आपल्याला ताप आल्यावर घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मनाने कुत्र्याला कधीही देऊ नका. मुलं प्रेमाने स्वतःच्या ताटातलं भरवतात. त्यांना हे आधी सांगून ठेवा.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल.

सासूबाई मुलांना नामदेवांची गोष्ट सांगत होत्या. कुत्र्याने पोळी पळवली आणि कोरडी कशी खाशील रे म्हणत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि प्रत्येक वेळी नामदेवांच्या बाजूने ऐकत आलेय. धाकटी तेव्हा पाच वर्षांची. ती म्हणाली, ‘पण आजी, कुत्र्याला वाटलं असेल मारायलाच येतायत. मागे धावायचं नसतं ना. खाली बसून वाटी ठेवायची.’ सासूबाई क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, ‘खरंच की गं. त्याला काय ठाऊक तूप आहे ते.’

या घरात कुत्री ठेवून काय मिळालं असं कुणी विचारलं तर मला ती संध्याकाळ आठवते. समोरच्याला आपलं प्रेम कसं दिसत असेल, हा विचार पाच वर्षांच्या मुलीच्या मनात आला होता.

कुत्रं ‘नको’ म्हणतं. रोज, कितीतरी वेळा म्हणतं. आपल्याला ते ऐकू येत नाही, कारण आपण भुंकण्याची वाट बघत असतो. झोप आलेली नसताना ते जांभई देतं. खायला काही नसताना जिभेने ओठ चाटतं. तोंड बाजूला वळवतं. मान न वळवता डोळा तेवढा तुमच्याकडे फिरवतं आणि पांढऱ्या भागाची कोर दिसते. अंग ताठ होतं, एखादा पंजा वर उचलला जातो. शेपूट हलतेय म्हणजे आनंदच असं नाही. ताठ अंगाची, उंच धरलेली, बारीक थरथरणारी शेपूट वेगळं बोलते. हे सगळं होऊनही कुणी ऐकलं नाही तर ते गुरगुरतं, आणि गुरगुरणंही ऐकलं नाही तर चावतं. मग आपण म्हणतो, ‘अचानक चावला हो!’

आईबाबांनो, गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधी मारू नका. मार खाऊन ते गुरगुरायचं सोडतं, त्याचा राग किंवा भीती मात्र तशीच राहते. पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतो. आणि लहान मुलांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीला असतं, त्यामुळे छोट्यांना चावा बहुतेक वेळा चेहऱ्यावर, डोक्यावर बसतो. तोही बऱ्याचदा घरच्या किंवा ओळखीच्याच कुत्र्याचा. बाळ कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून पडलंय, त्याचे कान ओढतंय, असे फोटो लोक मला कौतुकाने पाठवतात. मी आधी कुत्र्याचे डोळे बघते. किती फोटोंत ती पांढरी कोर दिसते म्हणून सांगू! मिठी हे माणसांचं प्रेम आहे, कुत्र्याला बहुधा ते अडकवल्यासारखं वाटतं. सहा-सात वर्षांखालचं मूल आणि कुत्रं, कितीही गरीब असो, मोठं माणूस जवळ असल्याशिवाय एका खोलीत ठेवायचं नाही. फोन वाजला तरी नाही. दोघांपैकी एकाला सोबत घेऊन उठा.

मुलांना आम्ही शिकवलं ते अगदी साधं. कुत्र्याकडे जायचं नाही, त्याला येऊ द्यायचं. आलं तर छातीशी किंवा मानेच्या बाजूला हात फिरवायचा, डोक्यावरून नाही. मग हात काढून मनात तीन आकडे मोजायचे. त्याने नाक पुढे केलं, अंग टेकवलं, तर आणखी. उभंच राहिलं किंवा तोंड फिरवलं, तर पुरे. जेवणारं, झोपलेलं, पिल्लांना पाजणारं कुत्रं कुणाचंच नसतं, त्याच्या वाटेला जायचं नाही. रस्त्यावरचं कुत्रं अंगावर आलं तर धावायचं नाही, ‘स्टॅच्यू’ व्हायचं, हात अंगाशी, नजर जमिनीकडे. कुणी ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत नाही, कुत्रं निघून जाईपर्यंत. हा खेळ आम्ही गच्चीवर कितीदा तरी खेळलोय.

आणि हे शिकवणारी मी एकदा फार मोठी चूक करून बसले.

थोरला आठ वर्षांचा होता. घरात तीन महिन्यांचं पिल्लू आलं होतं, लस व्हायची होती. ते भयंकर चावरं होतं, सगळीच पिल्लं त्या वयात असतात. मी कंटाळून एकदा म्हणून गेले, ‘याचा दात लागला ना कुणाला, तर दुसऱ्या दिवशी परत पाठवीन.’ चार दिवसांनी ऐन मे महिन्यात मुलगा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरत होता. रात्री अंघोळीच्या वेळी पाहिलं, दंडावर लांब ओरखडा, वर सुकलेलं रक्त. आदल्या दिवशीचा. त्याने मला सांगितलं नव्हतं, कारण पिल्लू जाईल अशी त्याला भीती होती. मी म्हटलेलं त्याने खरं मानलं होतं.

रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की त्यावर हातात काही उरत नाही. लक्षणांआधी मात्र सगळं काही आपल्या हातात असतं, उशिरा कळलं तरी. त्याच क्षणी दंड वाहत्या नळाखाली धरला, साबण लावून पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुतलं. हळद, चुना, मिरचीपूड काही लावायचं नसतं. मग रात्रीच डॉक्टरांकडे गेलो. रक्त आलं होतं म्हणून जखमेभोवती अँटिबॉडीचं इंजेक्शन द्यावं लागलं, आणि लस त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडात. पोटात चौदा इंजेक्शनं हा आपल्या लहानपणीचा धाक होता, मुलांना तो आता घालू नका. त्या धाकानेही मुलं लपवतात. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवलं, ते ठणठणीत राहिलं. आम्ही बाकीच्यांनी त्यानंतर आधीच घेण्याची लस घेतली. ती घेतली तरी चावल्यावर पुन्हा दोन डोस घ्यावेच लागतात, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून नीट समजून घ्या.

पण लसीपेक्षा मोठं काम त्या रात्री घरी आल्यावर होतं. मी मुलाला म्हटलं, ‘मी चुकीचं बोलले. दात लागला, नख लागलं, रस्त्यावरच्या कुत्र्याने नुसतं जखमेवर चाटलं, तरी लगेच मला सांगायचं. मी तुला रागावणार नाही आणि कुत्र्याला हाकलणारही नाही.’ हा शब्द मी पाळलाय. तुम्ही कुत्रं पाळा वा न पाळा, एवढा शब्द आपल्या मुलांना आज रात्रीच द्या. मूल ओरखडा लपवतं ते आपल्याच बोलण्याला घाबरून.

मुलांशी खोटंही बोलू नये, हे मला सोनीमुळे कळलं. सोनी आमच्याकडे आली ती पाच वर्षांची असताना. त्या घरात बाळ झालं होतं आणि सोनी नको झाली होती. तिला सोडायला आलेल्या गृहस्थांनी जाताना सांगितलं, ‘मोठ्या मुलीला आम्ही सांगितलंय, सोनी फार्महाऊसवर गेली, तिथे मजेत आहे.’ पुढचे दोन महिने सोनी रोज संध्याकाळी साडेसहाला दाराशी जाऊन बसायची. त्या मुलीची शाळेच्या शिकवणीहून यायची वेळ असावी. मला आजही त्या मुलीचं वाईट वाटतं. तिला कुणी खरं सांगितलं असतं तर तिला सोनीला भेटायला येता आलं असतं. मी बोलावलं असतं.

आमच्याकडे एक पिल्लू गेलं. बुंदी. पार्व्हो झाला, रक्ताची हगवण, चार दिवस सलाइन, पाचव्या पहाटे संपलं सगळं. ‘देवाघरी गेलं’ असं म्हणायला तोंड उघडलं होतं. मग सरळ सांगितलं, ‘बुंदी मेला. डॉक्टरांनी प्रयत्न केले. तुमच्यामुळे काही झालं नाही.’ हे शेवटचं वाक्य मुलांना फार हवं असतं, कारण प्रत्येक मूल मनात कुठेतरी स्वतःला दोष देत असतं. पार्व्होचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो. सगळी फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसली, गादी टाकून दिली, आणि पुढचं वर्षभर लस न झालेलं पिल्लू घरात आणलं नाही. ते वर्ष कधी संपतं ती तारीख थोरल्याने फ्रिजवरच्या कागदावर स्वतः लिहिली.

मुलाच्या वाढदिवसाला पिल्लू आणायचं म्हणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती असते. ‘तू त्याला फिरवशील का, तू साफ करशील का’ अशी वचनं मुलाकडून घेऊ नका. दहा वर्षांचं मूल होच म्हणणार. त्याने ते मोडलं की तुम्ही त्याला बेजबाबदार म्हणणार आणि मधल्या मध्ये कुत्रं नावडतं होणार. कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं. तुमचा मुलगा तोवर कॉलेजात, परगावी गेलेला असेल. कुत्रं तुमचं असतं, मुलाचं नसतं. पावसात साडेपाचला उठून खाली जायची तयारी तुमची असेल तर आणा. ठरवता येत नसेल तर आधी एक माहेरवाशीण ठेवून बघा, एक महिना. जमलं नाही तरी त्या महिन्यात एका जिवाची सोय झालेली असते. आणि जमलंच, तर त्यांच्यातलंच एखादं ठेवून घ्या. विकतचं कशाला.

मागच्या हिवाळ्यात खारी आली. आठ महिन्यांची, खारी बिस्किटाच्या रंगाची, डाव्या मागच्या मांडीचं हाड मोडून आत सळई घातलेली. पहिले तीन दिवस ती गादीवरून उठली नाही. भिंतीकडे तोंड. मुलांना मी सांगून ठेवलं होतं, हिला सध्या आपण कुणीच नको आहोत. धाकटी रोज शाळेतून आल्यावर तिच्यापासून चार हात लांब बसायची, पाठ करून, आणि मोठ्याने पाढे म्हणायची. हात नाही, हाक नाही. सहाव्या दिवशी सतराच्या पाढ्याला खारीने उठून तिच्या पाठीला नाक लावलं. धाकटी हलली नाही. फक्त पाढा पुढे चालू ठेवताना आवाज कापत होता.

पुढचा महिना खारीने घर डोक्यावर घेतलं. सोनीच्या गादीत घुसून झोपली, माझ्या दोन चपला खाल्ल्या, लंगडत का होईना जिना चढली. डाव्या मांडीजवळ मात्र कुणाचा हात गेला की ती ओठ चाटायची आणि तोंड वळवायची. शेवटपर्यंत. आणि शेवटपर्यंत आमच्याकडे तिथे कुणी हात लावला नाही, डॉक्टर सोडून.

नाशिकचं एक कुटुंब तिला घ्यायला आलं. दोनदा भेटून गेले होते, घर बघून झालं होतं, कागद झाले होते. सोबत त्यांचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा. तो आनंदाने धावतच आत शिरला आणि धाकटी त्याच्या आडवी आली. ‘थांब. इथे बस. पाठ कर तिच्याकडे.’ तो बिचारा बसला. खारी हळूहळू आली, त्याचा खिसा हुंगला, त्याच्या बाजूला टेकली. ‘आता मानेला हात लाव. काढ. मोज तीन.’ तो मोजायला लागला. दोनवर असतानाच खारीने त्याच्या हाताखाली डोकं सारलं. ‘तिला चालतंय,’ धाकटी म्हणाली. ‘पण डाव्या पायाला नाही. तिने तोंड वळवलं की नाही म्हणतेय समजायचं. कळलं?’

त्याने मान हलवली. गाडी गेटाबाहेर जाईपर्यंत धाकटी उभी होती, मग माझ्या पोटात तोंड खुपसून रडली. थोरला नीट जेवला नाही. सासूबाईंनी दोघांनाही काही समजावलं नाही, दूधभात पुढे ठेवला आणि जवळ बसून राहिल्या.

रात्री दहाच्या सुमाराला बाल्कनीच्या दाराशी खुडबुड ऐकू आली म्हणून बाहेर आले. थोरला खाली बसून तिसऱ्या गादीची खोळ काढत होता. ‘मशीनला लावू?’ त्याने विचारलं. ‘गरम पाण्यावर लावतो, म्हणजे सकाळपर्यंत वाळायला पडेल.’